सहकुटुंब, सहपरिवार – आणि पायी!

लग्नपत्रिकेवर ‘सहकुटुंब, सहपरिवार अगत्य येण्याचे करावे’ असे छापलेले असते आणि ती आज्ञा आपण अक्षरशः पाळतो. तान्ह्या मुलापासून पंचाहत्तरीच्या आत्याबाईंपर्यंत सारे घर मांडवात हजर होते. सहलीच्या बाबतीत मात्र या ‘सहकुटुंबा’चा अर्थ जरा निराळा होतो. सारे कुटुंब एका मोटारीत कोंबले जाते, एका ठिकाणी उतरते आणि उतरल्याबरोबर त्याची फाळणी होते. तरुण मंडळी डोंगराकडे पळतात. वडीलधारे पुरुष चहाची टपरी शोधतात. आणि घरातल्या बायका एखाद्या झाडाखाली सतरंजी पसरून, डबे, चपला व एक झोपलेले मूल राखीत बसतात. संध्याकाळी घरी परतल्यावर त्यांना विचारावे, “काय पाहिले?” तर खरे उत्तर असते, “सतरंजी!”

हे चित्र अगदी जुने झाले आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने पुढच्या सुट्टीत कोणत्याही प्रेक्षणीय स्थळाच्या मोटारतळावर अर्धा तास उभे राहून पाहावे. सतरंजीच्या जागी मोटारीची मागची बैठक आली आहे आणि हातात मोबाइल आला आहे. बाकी फाळणी तशीच आहे.

वास्तविक आपण चालणारी माणसे आहोत. आमच्या परभणी जिल्ह्यातले गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. शेगावहून पंढरपूरला पायी निघणारी गजानन महाराजांची पालखी परभणी-गंगाखेडवरूनच पुढे जाते. त्या वाटेवर साठीच्या बाया डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन दिवसाला कोसच्या कोस तुडवतात. त्यांना कोणी म्हणत नाही, “तुम्ही गाडीत बसा.” देवासाठी चालण्याची परंपरा आपल्याला आहे. रानासाठी, नुसते पाहण्यासाठी, घरातल्या सगळ्यांनी मिळून चालण्याची सवय मात्र नाही. मुंबईकरांना कान्हेरीचे रान आहे, पुणेकरांना वेताळ टेकडी आहे, आणि दोघांनाही मोटारीला मज्जाव असलेले माथेरान आहे. मराठवाड्यातल्या माणसाची समजूत अशी, की आपल्याकडे कापूस, ज्वारी आणि ऊन. रान असे नाहीच.

ही समजूत किती खोटी आहे हे पाहायचे असेल, तर जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला या.

पहिली वाट : गावातल्या गावात

चारठाणा हे जिंतूर-जालना रस्त्यावरचे गाव. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्यात विशेष काही दिसत नाही. पण आत शिरले की घरांच्या ओळीत मधूनच एखादा कोरीव खांब, ओट्याला लावलेली एखादी शिल्पाची शिळा, एखाद्या वळणावर काळ्या दगडाचे देऊळ असे काहीबाही भेटू लागते. यादवकाळात भरभराटीला आलेल्या या गावात देवळांची दाटी होती. आजही गोकुळेश्वराचे मंदिर, त्याच्याजवळची पायऱ्यापायऱ्यांची बारव आणि मोकळ्यावर उभा असलेला उंच कोरीव दगडी स्तंभ ही तीन ठिकाणे पाहिली, तरी सकाळचे दोन तास सहज जातात.

रानवाटांच्या लेखात मी देवळांविषयी का लिहितो आहे, असे वाचकांना वाटेल. कारण असे, की कुटुंबाला चालायला शिकवायचे तर डोंगरापासून सुरुवात करू नये. पहिली वाट सपाट असावी, तिच्यावर सावली असावी आणि शंभर-दोनशे पावलांवर थांबण्यासारखे काहीतरी असावे. चारठाण्याची वाट अशीच आहे. मुले बारवेच्या पायऱ्या मोजतात. आजोबा देवळाच्या छतावरील फूल पाहत मान दुखेपर्यंत उभे राहतात. गृहिणीला प्रथमच कळते, की चपला राखण्यावाचून सहलीत दुसरे काही काम असते.

बारवेविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. नुसती विहीर खणून पोहरा सोडण्याऐवजी पाण्यापर्यंत माणसाने स्वतः उतरून जावे, ही या रचनेमागची कल्पना. पाणी खाली गेले की आणखी चार पायऱ्या उतरायच्या, वर आले की चार कमी. दुष्काळी मुलखाने पाण्याचा मान राखण्यासाठी केलेले हे वास्तुशास्त्रच आहे. जवळच्या सेलू तालुक्यात वालूर येथे तर जिन्यासारखी गोल फिरत खाली जाणारी बारव आहे. अशा कित्येक बारवा गाळाने आणि केरकचऱ्याने बुजून गेल्या होत्या. अलीकडच्या वर्षांत ठिकठिकाणच्या गावकऱ्यांनी फावडी-घमेली घेऊन त्या मोकळ्या केल्या आहेत. मुलांना हे अवश्य सांगावे. जुनी वस्तू सरकार सांभाळते एवढेच त्यांना शाळेत कळते. गावही ती सांभाळू शकते, हे बारवेच्या काठावर कळते.

दुसरी वाट : ठेंगण्या दारांची टेकडी

दुसऱ्या दिवशी जिंतूरला जावे. गावापासून तीनएक किलोमीटरवर नेमगिरीची टेकडी आहे. तिच्या पोटात जैनांची लेणी आहेत. भोवती फार मोठे जंगल नाही. खुरटी झाडे, काळा खडक आणि गवत. पण चढ मऊ आहे, आणि वर पोचल्यावर मुलांना हवी असते तशी गंमत आहे. गुहांची दारे ठेंगणी. मोठ्या माणसाला कमरेत वाकून आत जावे लागते, आणि आत पाहावे तो मूर्ती भव्य! पाच-सहा वर्षांचे पोर मात्र ताठ मानेने आत जाते. साऱ्या घरात आपण एकटेच न वाकता आत गेलो, याचा त्याला जो आनंद होतो तो पुढच्या दहा चढणींना पुरतो. इथली पार्श्वनाथाची मूर्ती एका लहानशा दगडाच्या आधारावर तोललेली आहे, म्हणून तिला ‘अंतरिक्ष’ म्हणतात. देवस्थान चालते आहे, तेव्हा आवाज बेताचा ठेवावा आणि खाणेपिणे खाली उतरल्यावर करावे, हे ओघाने आलेच.

जिंतूर तालुक्यातच पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. थंडीत तिथल्या जलाशयावर पाखरे उतरतात. संध्याकाळी अर्धा तास काठावरून पाणी पाहावे आणि लवकर झोपावे. कारण खरी वाट उद्याची आहे.

तिसरी वाट : उलटा डोंगर

चारठाण्याहून मंठ्याला यावे आणि तिथून उत्तरेला वळावे. वाटेत पूर्णा नदी ओलांडली, की थोड्याच वेळात आपण बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला पोचतो. मोटारीने एकंदर दीड-दोन तासांचा रस्ता. १९४८ पर्यंत अलीकडचा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि पलीकडचा वऱ्हाडात. दोन राज्यांची सीमा होती तिथे आज फक्त दोन जिल्ह्यांच्या पाट्या आहेत, आणि भाकरी दोन्हीकडे ज्वारीचीच आहे.

लोणारचे सरोवर म्हणजे काय, हे बहुतेकांनी वाचलेले असते. आकाशातून आलेला एक पाषाण कठीण काळ्या खडकावर आदळला आणि सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे, दीडशे मीटरच्या आसपास खोल असे विवर पडले. ते कधी पडले याबद्दल शास्त्रज्ञांची मते बदलत गेली. पूर्वी बावन्न हजार वर्षे म्हणत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे वय सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे ठरवले. हे विवर ज्वालामुखीचे की अशनीचे, हा वाद बराच काळ चालला होता. प्रचंड आघातानेच तयार होणारा काचेसारखा पदार्थ इथल्या खडकात सापडला आणि १९७३ साली अशनीच्या बाजूचा पुरावा पक्का झाला. पुराणाने याच घटनेची कथा आपल्या पद्धतीने सांगितली आहे : लवणासुर नावाचा दैत्य इथे भुयारात लपला होता, विष्णूने त्याचे झाकण उडवले आणि त्याचा वध केला. गावातले दैत्यसूदनाचे देखणे मंदिर त्या कथेचेच. मुलांना दोन्ही कथा सांगाव्यात. एक खरी आणि एक सुंदर आहे, हा भेद ती बरोबर ओळखतात.

पण आज आपण आलो आहोत ते रानासाठी. विवराच्या आतल्या उतारावर दाट झाडी आहे. साग, कडुनिंब, चिंच, सीताफळ आणि वेलींची गुंतागुंत. पाण्याजवळ वेड्या बाभळीने बरेच पाय पसरले आहेत. लोणारचे अभयारण्य एवढेसे, जेमतेम पावणेचार चौरस किलोमीटरचे. पण त्यात मोर आहेत, वानरे आहेत, घोरपडी आहेत आणि पाखरे तर विचारूच नका. आजूबाजूला शेते पसरलेली, आणि मध्येच खोलगट वाडग्यात ठेवल्यासारखे हे रान!

डोंगर चढायचा म्हणजे आधी चढ, मग उतार. लोणार हा उलटा डोंगर आहे. इथे आधी उतरायचे आणि दमल्यावर चढायचे. कुटुंबप्रमुखाने ही गोष्ट कोटाच्या खिशात चिठ्ठी लिहून ठेवावी. उतरताना मुले हरणासारखी धावतात, आणि वर येताना त्याच मुलांना कडेवर घ्यावे लागते. विल्यम नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक हिशेब घालून दिला : तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. त्या हिशेबाने लोणारचा पाचशे फुटांचा चढ म्हणजे पाऊण-एक मैल वाटेला पंधरा मिनिटे आणि वर चढाची पंधरा, असे अर्ध्या तासाचे काम. पण नेस्मिथसाहेबांबरोबर त्यांच्या सासूबाई नव्हत्या आणि सीताफळासाठी हट्ट धरणारे पोरही नव्हते! आपण सरळ दीड तास धरावा. जाताना पाणी निम्म्याहून अधिक शिल्लक असेल तरच पुढे जावे, नाही तर तिथूनच मागे वळावे. मागे वळण्यात कमीपणा नाही. सरोवर लाखो वर्षे तिथे आहे, ते उद्याही असेल.

उतरण्यासाठी सर्वांत सोयीची जागा म्हणजे गावाजवळची धार. विवराच्या काठावर गोमुखातून गोड्या पाण्याचा झरा बारमाही पडतो. मौज अशी, की वर हे गोड पाणी आणि खाली सरोवराचे पाणी खारट आणि क्षारयुक्त. ते इतके, की बोटाला साबण लावल्यासारखे बुळबुळीत लागते. पायऱ्यांनी, देवळादेवळांवरून वाट खाली जाते. पाण्याच्या काठी कमळजादेवीचे मंदिर आहे. सरोवराची पातळी दरसाल कमीजास्त होते, आणि पाणी चढले की काठावरच्या वाटा आणि देवळेही पाण्यात जातात. म्हणून खाली कुठवर जाता येईल, हे वनखात्याच्या माणसाला आधी विचारावे आणि तो ‘नाही’ म्हणाला तर वाद घालू नये. ज्यांना उतरणे नकोच, त्यांच्यासाठी वरच्या काठाची वाट आहे. सबंध घेर पावणेसहा किलोमीटरच्या घरात जातो. त्यातला एखादा किलोमीटर चालले तरी झाडांचे शेंडे पायाखाली आणि घारी डोळ्यांच्या पातळीवर, असा उलटा देखावा पाहायला मिळतो.

“गाडी राखू का मी?”

मागे आम्ही घरची आठ माणसे लोणारला गेलो होतो. काठावर पोचताच माझ्या पुतण्याने नेहमीप्रमाणे कामाची वाटणी केली. तो अभियांत्रिकीला असल्यामुळे वाटणी करण्याचा अधिकार आपलाच, असे त्याला वाटते.

“आजी, तू आणि काकू गाडीत बसा. आम्ही तासाभरात आलोच.”

माझी आई अडुसष्ट वर्षांची. गुडघे कुरकुरतात. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि विचारले, “मी गाडीत बसून काय गाडी राखू का रे? तिला कोण नेतंय?”

“अगं, पण तुझे गुडघे...”

“गुडघे माझे आहेत. दुखले तर मी बसंन. मला वेळूची एक काठी दे, आणि तू पुढं पळू नको.”

मग आमचा क्रमच बदलला. सगळ्यांत हळू चालणारे माणूस पुढे आणि बाकीचे मागे. म्हणजे आई पुढे, तिच्यामागे माझी नऊ वर्षांची धाकटी, मग बायको, आणि सर्वांत शेवटी पाण्याच्या बाटल्या घेतलेला तो भावी अभियंता. या क्रमाचा पहिला फायदा असा, की कोणी मागे राहत नाही. दुसरा फायदा आम्हाला वाटेत कळला.

धाकटी विचारू लागली, “आजी, हे कशाचं झाड?” आणि आई सांगू लागली. हा तरवड, दसऱ्याच्या वेळी पिवळा होतो. हा आघाडा, याची कणसं लुगड्याला चिकटतात. ही गुळवेल, कडू जहर, पण तापावर देतात. हे सीताफळ, याचा डोळा उघडला की समजावं पिकलं. ही टाकळ्याची शेंग. पावसाळ्यात याच्या कोवळ्या पानांची भाजी करतात. परभणीच्या घरात पंचवीस वर्षे सून म्हणून आणि पंधरा वर्षे सासू म्हणून वावरलेल्या या बाईला एवढे रान ठाऊक आहे, हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते. ठाऊक होणार कसे? आजवरच्या प्रत्येक सहलीत आम्ही तिला सतरंजीवर बसवून रान पाहायला गेलो होतो!

पुतण्याने मोबाइलवर एका झाडाचे छायाचित्र काढून नाव शोधले. यंत्राने लॅटिन नाव सांगितले. आईने ते ऐकून घेतले आणि म्हणाली, “असंल. आमच्याकडं त्याची पानं शेळी खाती.” त्यावर बाजूने चाललेला वनमजूरही हसला आणि म्हणाला, “आजी बरोबर सांगतात.”

वर चढताना आई सात वेळा बसली. सातही वेळा आम्ही सगळे बसलो. त्या सात बैठकींत आम्ही एक मोर, दोन घोरपडी आणि वानरांचा एक कळप पाहिला. धावत गेलो असतो तर यांतले काहीही दिसले नसते, कारण धावणाऱ्या माणसाच्या वाटेत मोर येत नाही.

निघण्यापूर्वी

आता गृहिणींनी आणि गृहस्थांनी मिळून लक्षात ठेवण्याच्या चार गोष्टी.

ऋतू दिवाळीनंतरचा. कार्तिकापासून माघापर्यंत इकडची हवा चालण्यासारखी असते. फाल्गुनात पळस फुलतो खरा, पण ऊन चढू लागते. आणि उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर गेल्यावर मुलांना रानात नेणे म्हणजे त्यांना छळणे होय. निघावे ते सकाळी, आणि अकराच्या आत चढ संपलेला असावा. या मुलखाच्या झुडपी रानात बिबट्या वावरतो, तेव्हा दिवेलागणीला रानात थांबू नये.

पायात बंद बूट, अंगात सुती आणि अंगभर कपडे. दिवाळीनंतर गवत वाळलेले असते आणि कुसळे मोज्यात शिरून बसतात. साडी नेसणाऱ्यांनी ती घोट्याच्या वर खोचावी; त्यात शोभा जात नाही. दर माणशी दोन लिटर पाणी, आणि ते प्रत्येकाने आपापले वाहावे. लहान पोरालाही अर्ध्या लिटरची बाटली द्यावी. आपले ओझे आपण उचलले याचा अभिमान त्याला चालवतो. खाण्याला धपाटे, दशम्या, भाजलेले शेंगदाणे आणि गूळ. या जिनसा न सांडता खाता येतात आणि कागदाची वेष्टने मागे राहत नाहीत. वानरांसमोर पिशवी उघडू नये.

मधमाश्यांची पोळी उंच झाडांवर आणि कड्यांवर असतात. अत्तर, धूर आणि दगड या तिन्हींचा त्यांना सारखाच राग येतो. साप दिसला तर थांबावे आणि त्याला जाऊ द्यावे; त्याला आपल्यापेक्षा अधिक घाई असते. दगडांच्या फटीत हात घालू नये. इथले काही दगड जवळ नेले तर होकायंत्राची सुई हलते. हा खेळ मुलांना अवश्य दाखवावा, पण दगड खिशात घालू देऊ नये. लाखो माणसे एकेक दगड नेऊ लागली, तर लोणार पाहायला परभणीकरांच्या घरोघर हिंडावे लागेल!

शेवटचे सांगणे थोडे गंभीर आहे. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. लोक घाबरले, कोणी शकुन काढले. तपासणीअंती शास्त्रज्ञांनी सांगितले, की पाणी आटून खारटपणा वाढला आणि त्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांनी हा रंग आणला. त्याच वर्षी सरोवराला ‘रामसर’ यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळाले. एवढे नाजूक आहे हे प्रकरण. पाऊस थोडा कमी पडला तर पाण्याचा रंग बदलतो आणि जास्त पडला तर देऊळ पाण्यात जाते. अशा ठिकाणी साबण लावून हात धुणे, निर्माल्य टाकणे, कपडे सोडणे या साध्या गोष्टी साध्या राहत नाहीत.

हे सगळे पाटीवर लिहून माणसे ऐकत नाहीत. पण ज्या पोराने आजीच्या मागे चालत तरवड ओळखला, त्याला ते सांगावे लागत नाही. ओळखीच्या घरात कोणी कचरा टाकत नाही. रान वाचवण्याची मोठी भाषणे पुष्कळ झाली. त्याआधी रानाची ओळख तरी व्हावी. आणि ती ओळख करून देणारे माणूस पुष्कळदा आपल्याच घरात, सतरंजीवर, डबे राखीत बसलेले असते.

तेव्हा यंदा फराळाचे डबे रिकामे झाले, की तीन दिवस काढा. मोटार चारठाण्याच्या देवळापाशी उभी करा, आणि उतरताना कोणालाही ‘तुम्ही बसा’ असे म्हणू नका. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे घाला आणि चालू लागा. अगत्य येण्याचे करावे!